दोन लहान मुलं, सासूबाईंचे गुडघे आणि व्हेनिस: किलोमीटर नको, पूल मोजा

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला कळलं ते असं, की मे महिन्याच्या शेवटी इटलीत दहा दिवस, सोबत चार वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, तुम्ही दोघं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात पण सपाटीवर हळूहळू तासभर चालू शकतात. फ्लॉरेन्सचं हॉटेल बुक झालंय आणि व्हेनिस तिथून एका दिवसात जाऊन येऊन उरकावं, की जवळच जमिनीवर असलेल्या मेस्त्रेला राहावं, की सगळे म्हणतात तसं 'लहान मुलांसाठी तिथे काही नाही' म्हणून सोडूनच द्यावं. आणि शेवटी विचारलंय की गोंडोलाचे पैसे वसूल होतात का.

मी गेली बरीच वर्षं कुटुंबांचे छोटे छोटे ग्रुप घेऊन इटलीत जाते, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रिपमध्ये व्हेनिस असतं आणि जवळजवळ प्रत्येक ट्रिपमध्ये कुणीतरी पाचच्या आतलं आणि कुणीतरी पासष्टच्या पुढचं असतंच. तर सगळ्यात आधी हे सांगते की व्हेनिस सोडू नका. लहान मुलांसाठी यापेक्षा चांगलं शहर मला युरोपात दुसरं दाखवता येणार नाही, कारण अख्ख्या शहरात एक गाडी नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा चालवायला बंदी आहे, आणि ॲम्ब्युलन्सपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळं पाण्यातून येतं. पण एका दिवसात उरकायचं असेल तर मात्र खरंच नका जाऊ, आणि याचं कारण जरा सविस्तर सांगावं लागेल.

तुम्ही विचारलंय 'किती दिवस', पण तुमची खरी अडचण दिवसांची नाहीये, पायऱ्यांची आणि घड्याळाची आहे. शंभरावर छोट्या बेटांवर (११८ धरतात) हे शहर उभं आहे आणि ती बेटं चारशेच्या वर पुलांनी जोडलेली आहेत. आता हे पूल म्हणजे आपल्या डोक्यात येतो तसा सपाट रस्ता नव्हे, खालून बोट जायला हवी म्हणून कमान, म्हणजे दहा-पंधरा-वीस पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. नकाशावर ६०० मीटर दिसतं, माणूस म्हणतो दहा मिनिटं, आणि त्या ६०० मीटरमध्ये पाच पूल निघतात. सपाटीवर तासभर चालणाऱ्या बाईंना पाच पूल जड जातात, आणि झोपलेल्या चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन एक बॅग ओढणाऱ्या बापालाही जातात. दमलो तर टॅक्सी करू हा पर्याय इथे नाही, वॉटर टॅक्सी असते पण ती खूप महाग आणि तीही पाण्याच्या कडेलाच सोडते. म्हणून मी व्हेनिसमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाही, पुलांत मोजते. सुरुवातीच्या वर्षांत एकदा दोन कुटुंबांना मी 'सान मार्को चौकापासून फक्त ४०० मीटर' असं वाचून एका हॉटेलात ठेवलं होतं, बोटीच्या स्टॉपपासून तिथपर्यंत मध्ये पाच पूल निघाले, रात्रीचे साडेनऊ, सहा मोठ्या बॅगा, दोन मुलं झोपलेली, आणि एक आजी तिसऱ्या पुलावर खाली बसल्या त्या उठेचनात. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून हॉटेल बुक करायच्या आधी नकाशा मोठा करून प्रत्येक पूल बोटाने मोजते.

आता घड्याळ. फ्लॉरेन्सहून फास्ट ट्रेनने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. मुलांना उठवून आवरून निघालात तर पोचायला दहा-साडेदहा होतात आणि परतीसाठी पाच-साडेपाचला स्टेशनवर हवं. म्हणजे तुमच्या वाट्याला येतात ते नेमके दिवसातले सगळ्यात वाईट तास, कारण बाकीचे हजारो डे-ट्रिपवाले पण त्याच वेळेत आलेले असतात. स्टेशन ते रिआल्तो (जुना पूल आणि बाजाराचा भाग) आणि रिआल्तो ते सान मार्को या गल्ल्या तेव्हा इतक्या भरतात की चार वर्षांच्या मुलीला फक्त लोकांच्या पाठी आणि बॅगा दिसतात. 'मुलांना व्हेनिस आवडलं नाही' असं सांगणारे मला जेवढे भेटलेत ते बहुतेक या वेळेतच जाऊन आलेले. आणि एक, २०२४ पासून शहराने एका दिवसासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलंय, रोज नाही, एप्रिल ते जुलैमधले ठरावीक दिवस, त्यात वीकेंड बरेच येतात, वेळ सकाळी ८:३० ते दुपारी ४. शुल्क ५ युरो, उशिरा बुक केलं तर १०. चौदाच्या आतल्या मुलांना माफ आहे. शहरात रात्री राहणाऱ्यांनाही माफ आहे पण त्यांनी ऑनलाइन नोंद करून तो कोड जवळ ठेवायचा असतो, हे बरेच जण विसरतात. तुमच्या तारखा त्यात येतात का ते अधिकृत साइटवर बघून घ्या.

तर माझं उत्तर, फ्लॉरेन्सच्या दोन रात्री कमी करा आणि व्हेनिसला द्या. दोन रात्री, शहराच्या आत. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहानंतर हे शहर वेगळंच असतं, आणि मुलांचं व्हेनिस तेवढंच आहे. मधल्या वेळात खोलीवर जाऊन झोपायचं नाहीतर बोटीत बसून बेटांकडे निघून जायचं. मे महिन्याच्या शेवटी तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळ चांगली लांबलचक मिळते.

मेस्त्रेबद्दल मी सरसकट नाही म्हणणार नाही, हे परिस्थितीवर आहे. मेस्त्रे म्हणजे जमिनीवरचा भाग, तिथून ट्रेनने दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया, म्हणजे व्हेनिस शहरातलं स्टेशन, येतं, हॉटेलं स्वस्त, खोल्या मोठ्या, लिफ्ट असते. फक्त मोठी माणसं असाल तर मी स्वतः मेस्त्रे सुचवते. पण तुमच्याकडे चार वर्षांची मुलगी आहे, तिला दुपारी झोप लागणार, आणि मेस्त्रेहून दुपारी खोलीवर जाऊन परत येणं कुणी करत नाही, मग ती चारला रडायला लागते, सासूबाई सकाळपासून पायांवर असतात, आणि सहाला, जेव्हा शहर मोकळं व्हायला लागतं, तेव्हा तुम्ही ट्रेन पकडून परत जाता. पैसे वाचतात पण ज्या तासांसाठी गेलात तेच जातात. बजेट अगदीच ताणलेलं असेल तर मेस्त्रेला दोन रात्री राहण्यापेक्षा शहरात एक रात्र राहा असं मी सांगेन.

शहरात कुठे, तर तुमच्यासाठी माझी पहिली पसंती कान्नारेजो, स्टेशनच्या बाजूचा भाग. स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दि स्पान्या हा रस्ता लागतो, तिथपर्यंत एकही पूल नाही, बॅगा सरळ ओढत न्यायच्या. रस्ता दुकानांचा आणि गर्दीचा आहे, देखणा वगैरे नाही, पण पुढे गुल्ये हा एक पूल ओलांडला की कान्नारेजोचा शांत भाग सुरू होतो, लांब सरळ कालवे, कडेला रुंद फरसबंदी, संध्याकाळी तिथली शाळकरी मुलं बाहेर असतात. शिवाय त्या पुलाच्या अलीकडेच सावोर्न्यान नावाची बाग आहे, झाडं, झोके, घसरगुंडी. व्हेनिसमध्ये झोके शोधून सापडत नाहीत, म्हणून हे लक्षात ठेवा. दुसरी पसंती दोर्सोदुरोमधलं झात्तेरे, दक्षिणेकडचा लांबच लांब सपाट धक्का, समोर जुदेक्का बेट, भरपूर ऊन आणि वारा, सासूबाईंना फिरायला उत्तम. सान मार्कोच्या आसपास मात्र राहू नका, महागही आहे आणि दिवसभर दाराबाहेर गर्दी.

पत्त्यांची एक गंमत आधीच माहीत असू दे. इथे घर क्रमांक रस्त्याप्रमाणे नसतात, पूर्ण विभागाचे एकत्र असतात. शहराचे सहा विभाग, त्यांना सेस्तिएरे म्हणतात, आणि 'कास्तेल्लो' या विभागात क्रमांक सहा हजारांच्या पुढे जातात. त्यामुळे 'कास्तेल्लो ५२००' हा पत्ता घेऊन काहीच सापडत नाही. हॉटेलकडून तीन गोष्टी लिहून घ्या: बोटीचा जवळचा स्टॉप, तिथून किती पूल, आणि इमारतीला लिफ्ट आहे का. जुन्या इमारतीत लिफ्ट नसणं अगदी सर्रास आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली तर पूल वाचवून काय उपयोग.

आता बोट. सार्वजनिक बोटीला वापोरेत्तो म्हणतात, आपल्या सिटी बससारखी. ७५ मिनिटांचं एक तिकीट सध्या ९.५० युरो, २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५ आणि ७२ तासांचा ४५. तुमच्यासाठी ४८ तासांचा, कारण सासूबाईंना पूल चढण्याऐवजी दोन स्टॉप बोटीने नेता आलं पाहिजे, दर वेळी साडेनऊ युरोचा विचार करावा लागला तर माणूस 'जाऊ दे चालू' म्हणतो आणि तिथेच गुडघे जातात. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणजे मुलगी फुकट. मुलासाठी रोलिंग व्हेनिस कार्ड बघा, ६ ते २९ वयासाठी असतं, कार्डाचे ६ युरो आणि त्यावर ७२ तासांचा पास २७ युरोला, म्हणजे दोन दिवसांच्या पासापेक्षा कमी पैशात तीन दिवस. पास मशीनला टेकवल्याशिवाय बोटीत चढू नका, पास घेतलाय पण टेकवला नाही म्हणून दंड भरलेली कुटुंबं मी पाहिलीत.

१ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून, म्हणजे शहराच्या मुख्य कालव्यातून, प्रत्येक स्टॉप घेत हळू जाते, २ नंबरची कमी थांबे घेते. बेटांसाठी उत्तरेकडच्या फोंदामेंते नोवे धक्क्याहून १२ नंबर. मी काय करते, तर पहिल्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत सगळ्यांना १ नंबरच्या बोटीत बसवते आणि स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत नेते, पाऊण तास, कुणीही चालत नाही, सगळं शहर समोरून जातं. काही बोटींत पुढच्या टोकाला उघड्यावर थोड्या सीट असतात, त्यासाठी एखादी बोट सोडावी लागली तरी सोडा. दहा वाजता हीच बोट घेतलीत तर उभं राहायलाही जागा नसते.

सुरक्षेचं सांगते कारण तुम्ही विचारलं नाहीये पण रात्री झोप येणार नाही अशी ती गोष्ट आहे. कालव्याच्या कडेला बहुतेक ठिकाणी कठडा नसतो. फरसबंदी संपते आणि पाणी सुरू होतं, आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या आणि भयंकर निसरड्या असतात. माझ्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी पहिला नियम हाच, पाण्याच्या बाजूला मोठ्या माणसाने चालायचं, मुलाने भिंतीच्या बाजूला, आणि हिरव्या पायरीवर कुणीही पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हा नियम बहिणीसाठी पाळायला सांगा, तो तुमच्यापेक्षा कडक पाळेल. मुलांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा. आणि चुकामूक झाली तर जिथे आहोत तिथेच थांबायचं, हे रोज सकाळी म्हणून घ्यायचं. अरुंद गल्ल्यांत फोनवरचा नकाशा भरकटतो, त्यापेक्षा भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, 'पेर रिआल्तो', 'पेर सान मार्को', 'आल्ला फेर्रोव्हिया' म्हणजे स्टेशनकडे, त्या वाचायचं काम मुलाला द्या. आजारपण वगैरे झालं तर ११२ नंबर.

स्ट्रोलर न्यायचा का हे सगळेच विचारतात. चार वर्षांच्या मुलीला तो एरवी लागत नसेल तर नका नेऊ. लागतच असेल तर एका हाताने घडी होणारा, तीन बोटांनी उचलता येणारा. मोठा जड स्ट्रोलर म्हणजे प्रत्येक पुलावर दोन माणसं लागतात. बॅगांचंही तेच, मोठी सुटकेस एकच करा, बाकी पाठीवरच्या सॅक. फ्लॉरेन्सहून आल्यावर चेक-इनला वेळ असेल तर स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे.

मुलांना काय दाखवायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. दिवसाला तिकिटाचं एकच ठिकाण. बाकी शहरच बघायचं. माझ्याबरोबर आलेल्या मुलांना वर्षानंतर विचारलं तर राजवाडा आठवत नाही, बोटी आठवतात. म्हणून पहिल्या सकाळी मी एक खेळ लावते, कामाच्या बोटी मोजायच्या. सकाळी सात ते नऊ सामानाच्या बोटी येतात, एकीत भाज्या, एकीत पाण्याच्या बाटल्या, एकीत हॉटेलच्या चादरींची गाठोडी, कुणाचं तरी फ्रिज नाहीतर वॉशिंग मशीन चाललेलं असतं. सफाई कामगार हातगाडीवर कचरा आणतात आणि क्रेन लावलेली बोट ती गाडी उचलून पोटात रिकामी करते, हे बघायला मुलं अर्धा तास जागची हलत नाहीत. काफोस्कारीजवळच्या कालव्यावर अग्निशमन दलाचं ठाणं आहे, कमानींखाली लाल बोटी उभ्या असतात. फोंदामेंते नोवेच्या बाजूला हॉस्पिटल आहे, तिथे ॲम्ब्युलन्स बोटी येताना दिसतात. यातलं काहीही तिकिटाचं नाही.

मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणजे 'हे शहर बुडत का नाही' हे तो विचारणारच, तर उत्तर तयार ठेवा. चिखलात हजारो लाकडी खांब एकमेकांना खेटून ठोकले, त्यावर फळ्या, त्यावर दगड, आणि मग इमारत. लाकूड कुजायला हवा लागते, पाण्याखालच्या चिखलात ती पोचत नाही म्हणून शतकानुशतकं ते टिकलंय. सांता मारिया देल्ला सालुते हे घुमटांचं चर्च ग्रँड कॅनॉलच्या तोंडाशी दिसतं, १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडायला बांधलेलं, त्याच्याखाली दहा लाखांवर खांब आहेत असं सांगतात. आणि चौकाचौकांत दगडी कठड्याच्या विहिरी दिसतील, त्या साध्या विहिरी नव्हेत. आजूबाजूला खारं पाणी, म्हणून चौकात पडलेलं पावसाचं पाणी वाळूतून गाळून खालच्या टाकीत साठवायचे आणि मधून उपसायचे. एकदा हे सांगितलं की मुलं प्रत्येक चौकात पाणी आत जायच्या जाळ्या शोधत फिरतात. आता नळाचं पाणी आहे आणि चौकांत पिण्याच्या पाण्याचे वाहते नळ असतात, बाटल्या तिथे भरा, विकत घेऊ नका.

तिकिटाच्या ठिकाणांत, सान मार्कोचं चर्च आधी वेळ बुक करून सकाळी पहिल्या स्लॉटला, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. मुलांना आतलं सोनेरी छत दोन मिनिटं आवडतं, पण चार घोड्यांची गोष्ट खूप आवडते. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले, १७९७ मध्ये नेपोलियनने उचलून पॅरिसला नेलेले आणि १८१५ मध्ये परत आलेले हे घोडे, बाहेर दिसतात त्या प्रतिकृती आणि खरे आत वरच्या संग्रहालयात. त्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, सासूबाईंना वर नेऊ नका. समोरचा उंच मनोरा, कांपानिले, १४ जुलै १९०२ ला सकाळी अख्खाच्या अख्खा कोसळला आणि एकही माणूस दगावला नाही, मग १९१२ मध्ये तो होता तसा परत उभा केला. त्याला लिफ्ट आहे, पण रांग लांब. त्याऐवजी मी सान जोर्जो माज्जोरे सुचवते, समोरच्या बेटावरचं चर्च, २ नंबरची बोट दारातच सोडते, पूल शून्य, मनोऱ्यावर लिफ्ट, रांग थोडी, आणि सान मार्कोसकट अख्खं शहर समोर दिसतं. आजीसह सगळ्यांना एकत्र वर जाता येतं अशी ही जागा आहे, यादीत घालाच.

दोजेंचा, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या शासकांचा, राजवाडा घ्यायचा की नाही हे तुमच्या मुलावर आहे. त्याला तुरुंग, हत्यारं, पळून गेलेले कैदी यात रस असेल तर नक्की घ्या, कासानोव्हा हा व्हेनिसचा प्रसिद्ध रंगेल लेखक १७५६ मध्ये इथूनच पळाला. भिंतीत सिंहाच्या तोंडाच्या पेट्या आहेत, त्यात लोक दुसऱ्याविरुद्ध तक्रारीच्या चिठ्ठ्या टाकायचे, हे मुलांना फार आवडतं. पण चार वर्षांच्या मुलीला दालनामागून दालन नेणं म्हणजे शिक्षा आहे. गुप्त खोल्यांची वेगळी टूर असते तिला सहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत. तेव्हा एकाने मुलाला घेऊन आत जावं आणि बाकीच्यांनी नॅचरल हिस्टरी म्युझियमला, सान स्ताए स्टॉपपासून जवळ, डायनॉसोरचा सांगाडा आहे आणि गर्दी नसते. तिथून पुढे सान जाकोमो देल ओरिओ हा चौक, झाडं आणि बाकं आहेत, मुलं पळतात आणि आजी बसतात.

सान मार्को चौकात जाताना एक बारीक गोष्ट, सान झक्कारिया स्टॉपला उतरलात तर मध्ये पाल्या नावाचा पूल चढावा लागतो आणि तिथे कायम चेंगराचेंगरी असते, कारण राजवाडा आणि तुरुंग जोडणारा प्रसिद्ध उसाशांचा पूल (ब्रिज ऑफ साइज) तिथूनच दिसतो. त्याऐवजी वाल्लारेस्सो स्टॉपला उतरून गल्लीतून या, पूल लागत नाही.

बेटांचं म्हणाल तर एका दिवसात मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो तिन्ही करणाऱ्या टूर असतात, त्या घेऊ नका, मुलं बोटीत चढउतार करूनच दमतात. मुरानोला १२९१ मध्ये आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या शहरातून हलवल्या, तिथे काच फुंकताना बघणं मुलांना आवडतं, पण फुकट बोटीने नेऊन काच दाखवणाऱ्यांपासून लांब राहा, शेवट दुकानात होतो आणि काही न घेता बाहेर पडणं त्रासाचं होतं. आपल्या पासावर जा, एखाद्या भट्टीला थोडं तिकीट काढून बघा. तुमच्यासाठी मात्र मी बुरानो निवडेन, १२ नंबरने पाऊण तास लागतो, तोच वेळ मुलीच्या झोपेचा करा. रंगीत घरं, पूल छोटे. ताकद उरली तर पाच मिनिटांवर तोर्चेल्लो, स्टॉपपासून कालव्याकाठची बहुतेक सपाट वाट, गवत, आणि हूणांचा राजा अत्तिला याचं सिंहासन म्हणतात ती दगडी खुर्ची, तिच्यावर बसून फोटो काढल्याशिवाय कुठलंच मूल परत येत नाही.

जेवणाचं लहान मुलांना जमतं, पिझ्झा-पास्ता सगळीकडे. अडचण वेळेची. बरीच चांगली हॉटेलं दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद करतात ते थेट सात वाजता उघडतात, म्हणून बाराला जेवा आणि पाचसाठी फळं, बिस्किटं जवळ ठेवा. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नाही, बसण्याचे असतात. शाकाहारी असाल तर 'आच्चूगे' हा शब्द पाठ करा, म्हणजे छोटे मासे, साध्या वाटणाऱ्या पिझ्झ्यावरही असतात. सान मार्को चौकातल्या कॅफेत बसलात तर बँडचे वेगळे पैसे लावतात, पण रात्री नऊनंतर चौकात उभं राहून तेच संगीत फुकट ऐकता येतं आणि मुलं नाचतात.

पुराबद्दल काळजी करू नका, तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीचा विषय. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, त्यानंतर ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी बसवलेले ७८ दरवाजे उचलून भरती अडवतात. मेमध्ये तुम्हाला डासांची क्रीम आणि टोप्या लागतील, गमबूट नाही.

आता गोंडोला. सरकारी दर दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०, आणि हा दर बोटीचा आहे, माणशी नाही. एका बोटीत जास्तीत जास्त पाच जण, म्हणजे तुम्ही बरोब्बर पाच. माणशी १८ युरो पडतात, आणि सासूबाई आयुष्यात एकदाच तिथे येणार असतील तर मी म्हणेन कराच, पण ग्रँड कॅनॉलच्या मोठ्या थांब्यावरून नको, तिथे मोठ्या बोटींच्या लाटांत अर्धी फेरी जाते. आतल्या एखाद्या शांत चौकाजवळचा थांबा बघा, सकाळी नऊ-साडेनऊला, आणि बसायच्या आधी वेळ आणि रक्कम बोलून घ्या. मुलाला सांगा की बोट मुद्दाम वाकडी बांधलेली असते, डावी बाजू उजवीपेक्षा चोवीस सेंटिमीटर रुंद, कारण नावाडी एकाच बाजूने एकच वल्हं मारतो आणि तरी ती सरळ जायला हवी. पुढच्या लोखंडी फणीचे सहा दात म्हणजे शहराचे सहा विभाग असं मानतात. आधी सान त्रोवासोच्या कालव्यापलीकडून गोंडोला दुरुस्तीची वखार दाखवलीत तर आणखी मजा. ९० युरो जास्त वाटत असतील तर त्राघेत्तो आहे, जुन्या गोंडोलातून ग्रँड कॅनॉल नुसता ओलांडायचा, पर्यटकांना २ युरो, दोन मिनिटांत पलीकडे. सांता सोफियाहून रिआल्तो मार्केटला जातो तो मुलांबरोबर मी नेहमी करते, सकाळी गेलात तर समोर मासळी बाजार भरलेला असतो, रविवार-सोमवार सोडून.

म्हणजे साधारण असं बसेल: पहिल्या दिवशी दुपारी पोचून सामान टाका, बागेत झोके, संध्याकाळी १ नंबरच्या बोटीने सान मार्को आणि परत. दुसऱ्या दिवशी लवकर बाहेर, कामाच्या बोटी, त्राघेत्तो, मार्केट, गोंडोला, बाराला जेवण, मुलगी बोटीत झोपेल अशा बेताने बुरानो, संध्याकाळी झात्तेरेवर आइस्क्रीम. तिसऱ्या दिवशी सकाळी सान मार्को किंवा राजवाडा, मग सान जोर्जो, आणि दुपारची ट्रेन. कुणी दमलं तर तिकिटाचं ठिकाण काढून टाका, बोट आणि बाग काढू नका.

हॉटेलं दोन-तीन निवडलीत की नॉन-रिफंडेबल बुक करायच्या आधी त्यांचा स्टॉप आणि साधारण पत्ता इथे टाका, स्टॉपपासून दारापर्यंत किती पूल आहेत ते मी मोजून सांगते.